दुबळ्या सुलतानाचा ताज

मित्रांनो, मी जुना झालो असलो तरी ताज आहे, आणि तोही बिदरच्या बहमनी सुलतानाचा. पुठ्ठ्याचा आहे म्हणून नाक मुरडू नका. १९८६ साली शिकागोत, मुलांची नाटकं बसवणाऱ्या नंदामावशींच्या किचन टेबलावर माझा जन्म झाला. नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्याला त्यांनी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली जरीची पट्टी चिकटवली आणि मी दिमाखात उभा राहिलो.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक होतं. त्यातला अल्लाउद्दीन शाह नावापुरता सुलतान. सगळा कारभार वजीर बरीदच्या हातात. त्याला पकडायला सुलतान पडद्यामागे शिपाई लपवतो. नेमकी एका शिपायाला शिंक येते, बेत फसतो आणि थोड्याच दिवसांचं ते राज्य जातं. असला सुलतान व्हायला कोण तयार होणार? सगळ्यांना तलवारी हव्या होत्या. शेवटी छोट्या सुमेधाला गादीवर बसवलं, कारण अमेरिकेत वाढल्यामुळे तिचं मराठी अडखळायचं आणि सुलतानाला बोलायचं फारसं नव्हतंच.

तिला ते फार लागलं. "आय नो मराठी, आई," ती आपल्या आईला म्हणाली, "मला फक्त बसायला का सांगतात?"

पण बसल्या बसल्या तिने तालमीत सगळ्यांची वाक्यं ऐकली. ती मनातल्या मनात घोकायची, तेव्हा मी तिच्या कपाळावर हलायचो.

नाटकाच्या दिवशी हॉल गच्च भरला. बरीद झालेला विनय ऐटीत आत आला. पडद्यामागे ठरल्याप्रमाणे शिंक झाली, आणि सुलतानाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ब्लेस यू!"

सगळे पोट धरून हसले. सुमेधाच्या घामाने माझी कड भिजली. आता ही रडत पळणार, असं मला वाटलं. विंगेतून नंदामावशी पुढचं वाक्य सांगत होत्या, पण तिने तिकडे पाहिलंच नाही. मान ताठ करून ती सावकाश म्हणाली, "आमच्या राज्यात शिंकणाऱ्याला दुवा देतात, वजीर. तेवढी तरी सत्ता आमच्याकडे राहू द्या."

 हॉलभर टाळ्या थांबेनात. विनय तर आपलं वाक्यच विसरला. नंदामावशींनी पुढच्या वर्षीचं मोठं काम तिला तिथल्या तिथे देऊन टाकलं.

मित्रांनो, आता मी मंडळाच्या बेसमेंटमध्ये गणपतीच्या सजावटीच्या सामानाखाली दबलोय. माझी जरीची पट्टी सुटली आहे. ती चिकटवा, मला कोरड्या जागी ठेवा. आणि ज्याला बोलता येत नाही असं तुम्ही ठरवून टाकलं आहे, त्याच्याच डोक्यावर मला एकदा ठेवून बघा.