कोइंबतूरसाठी कांदेपोहे

पुण्याला परत जायचं नाही, यावर आमचं पटकन एकमत झालं, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता. आमच्या संसारात पटकन झालेलं एकमत कधी टिकलेलं नाही.

जूनमध्ये पद्माकर निवृत्त होणार. सिंगापुरातलं वन-नॉर्थचं ऑफिस सुटलं की एम्प्लॉयमेंट पास सुटणार, आणि पास सुटला की बिशानचा हा फ्लॅट, खालच्या हॉकर सेंटरमधल्या स्टॉलवरची माझी ठरलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, सगळंच सुटणार. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत ह्यांनी इतकी वर्षं बघितला, की आता बघण्यासारखं काही उरलं नाही. आमच्या लेकीचं, जाईचं बरं आहे. तिची स्वतःची नोकरी, स्वतःचा पास. ती इथेच राहणार, क्लेमेंटीला मैत्रिणीबरोबर खोली घेणार.

पुणं नको, कारण मागच्या खेपेला विमानतळावरून कोथरूडला पोचेपर्यंत ह्यांचा गुडघा धरला होता. खेडं नको, कारण मला भाजीवाल्याशी भांडायला किमान दोन भाजीवाले लागतात. मग दक्षिणेतलं एखादं मध्यम शहर बघू, असं ठरलं. हवा बरी, दवाखाने बरे, कॉफी चांगली. इथपर्यंत एकमत. पुढे ह्यांनी म्हैसूर म्हटलं आणि मी कोइंबतूर.

ह्यांचं म्हैसूर आजोळचं. मामांकडे सुट्टीत जायचे म्हणे, आणि तिथल्या झाडांच्या सावल्यांविषयी असं बोलतात जसं माझ्याविषयी कधी बोलले नाहीत. माझं कोइंबतूर साधं. सिंगापूरहून तिथे थेट विमान जातं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जाई निघाली तर झोपायला माझ्याकडे. म्हैसूरसाठी बंगलोरला उतरा, मग टॅक्सी करा, मग त्या टॅक्सीवाल्याने चहाला थांबवलं की त्याच्याबरोबर थांबा. अशाने पोरगी वर्षातून एकदा येईल. मला ती महिन्यातून एकदा हवी होती. हे मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, जाईलाही. ती नुसतं “बघू ना आई” म्हणायची.

“कोइंबतूरला आपल्या ओळखीचं कोण आहे?” हे विचारायचे.

“तुमचा तो सेंथिलनाथन तिथलाच ना? बोलवा त्याला सपत्नीक. रविवारी. मी पोहे करते.”

सेंथिलनाथन ह्यांच्याच ऑफिसातला, ह्यांच्याच वयाचा. त्याची बायको वलरमती मी फक्त दिवाळी पार्टीत लांबून पाहिली होती. दोघं आले ते नेमके संक्रांतीनंतरच्या रविवारी. जाई मंडळाच्या हळदीकुंकवाला निघाली होती, म्हणून काळी चंद्रकळा नेसलेली, माझे मोती घातलेली. माझे हात पोह्यांत गुंतलेले, म्हणून मीच तिला म्हटलं, “जाता जाता ट्रे तेवढा बाहेर ने गं.” तिने नेला, नमस्कार केला, आणि पदर सांभाळत गेली.

मग मी बसले आणि मुद्द्याला हात घातला. आमचं बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी घाईत असलं की काटकसरीचं होतं.

“घर स्वतःचं आहे?”

“स्वतःचं. वरचा मजलाही आमचाच,” वलरमती म्हणाली.

“पाणी?”

“सिरुवाणी नदीचं. असं गोड पाणी तुम्ही कुठे प्यायला नसाल.”

“आम्हाला तमिळ येत नाही. चालेल ना?”

ह्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं. “आजकाल कोण बघतं हे,” ती म्हणाली. “शिकता येतं.”

“आणि आम्ही मासे खातो.”

“आम्हीही खातो,” सेंथिलनाथन उत्साहाने म्हणाला.

“मग माझं एवढंच म्हणणं आहे,” मी म्हटलं, “की जाईला येणं-जाणं सोपं पडलं पाहिजे. बाकी मला काही नको.”

वलरमतीने माझा हात धरला. पद्माकर तोंड पाडून पोहे चिवडत होते, कारण म्हैसूरचा विषयच निघत नव्हता. निघताना मी वलरमतीला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं आणि सवाष्ण पहिल्यांदा घरी आलेली म्हणून रीतसर ओटीही भरली. नारळ, खण, तांदूळ. तिचे डोळे पाणावले. मला वाटलं, किती भाविक बाई.

पुढच्या रविवारी ती दोघं न कळवता दारात. सेंथिलनाथनच्या अंगावर जरीकाठी धोतर, त्यांची वेष्टी, वलरमतीच्या हातात मोठं ताट. त्यात नारळ, केळी, विड्याची पानं, मोगऱ्याचे गजरे आणि एक हिरवी रेशमी साडी. मागे एक उंच, चष्मेवाला मुलगा कोऱ्या शर्टात, फाशीला नेत असल्यासारखा.

“हा आमचा मुलगा, कदिरवन,” वलरमती म्हणाली. “क्लेमेंटीला राहतो. युनिव्हर्सिटीत संशोधन करतो.”

माझ्या मराठी डोक्याने तिथेही उलटाच अर्थ काढला. मला वाटलं, किती शिष्टाचाराची माणसं, ओटीची परतफेड करायला सहकुटुंब आली. मी “अय्या, कशाला एवढं” म्हणत ताट टेबलावर ठेवूनसुद्धा घेतलं. शिरा करायला टाकला.

जाई आतून बाहेर आली, घरातल्या टी-शर्टात. वलरमतीने तिला शेजारी बसवून घेतलं, केसांत गजरा माळला आणि प्रेमाने विचारलं, “लग्नानंतर सिंगापूरलाच राहायचं ना? कदिरचं अजून दोन वर्षं काम आहे इथे.”

स्वयंपाकघराच्या दारात शिऱ्याचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. सोफ्याच्या टोकाला बसलेल्या कदिरवनने डोळे मिटून घेतले. पद्माकरांकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते, ‘तू हे काय करून ठेवलंस’ अशा नजरेने.

आणि जाई म्हणाली, “आंटी, सॉरी. मी एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमला चाललेय. तिकडच्या ऑफिसात. कायमची.”

शाब्बास माझी वाघीण, मी मनात म्हटलं. काय सबब काढली! कुणाचा अपमान नाही, काही नाही, थेट युरोप. मी कौतुकाने तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघेना. गजऱ्याचं एकेक फूल चुरत मान खाली घालून बसली होती. लहानपणी कप फुटला की अशीच बसायची.

“जाई?” मी म्हटलं.

“मी सांगणार होते, आई. पण तू सारखं थेट विमान, थेट विमान करत होतीस लाह. कसं सांगू?” घाबरली की तिचं हे सिंगापुरी ‘लाह’ मराठीतही घुसतं.

मी आत जाऊन गॅस बंद केला. बाहेर पद्माकर सेंथिलनाथनला समजावून सांगत असल्याचं ऐकू येत होतं. “मुलगा नाही रे, शहर. आम्ही शहर बघत होतो.” मग सेंथिलनाथन इतक्या मोठ्याने हसला की समोरच्या आजीने दार उघडलं असावं. कदिरवनचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो “थँक गॉड” म्हणाला आणि जाई खुदकन हसली. मला हसू येत नव्हतं. मी ओट्याकडे तोंड करून रडत होते.

वलरमती आत आली. मी डोळे पुसून माफी मागायला लागले, ट्रेची, ओटीची, माझ्या इंग्रजीची.

“ते राहू दे,” ती म्हणाली. “खूप लांब चालली का?”

“खूप.”

तिने शिऱ्याखालचा गॅस पुन्हा लावला आणि माझ्या हातातला चमचा घेऊन ढवळायला लागली. “कदिर क्लेमेंटीला राहतो, आम्ही तुमच्यासारखेच इथे बिशानला. एकदा गाडी बदलली की घर. तरी दिवाळीनंतर आज आला. आजही मी मुलगी दाखवते म्हटलं म्हणून, तेसुद्धा माझ्याशी भांडून.” तिने कडेचा रवा खरवडून मध्ये घेतला. “ह्यांचीही निवृत्ती जवळ आलीय. ऑक्टोबरात आम्ही परत जातोय. इतक्या वर्षांनी. तिथे आता माझी एकही मैत्रीण उरलेली नाही. तुम्ही घराबद्दल विचारत होतात ना, तेव्हा मला वाटलं, चला, निदान बोलायला ही एक विहीणबाई तरी होईल.”

मी तिच्याकडे नीट बघितलं. गेल्या रविवारी मी तिला पाण्याविषयी विचारलं, घराविषयी विचारलं. ती कशी आहे हे काही विचारलं नव्हतं.

“वरचा मजला रिकामाच आहे का?” मी विचारलं.

“रिकामाच. पण तिथून ॲमस्टरडॅमला थेट विमान नाही हं.”

“नसू दे,” मी म्हटलं, आणि मग मात्र आम्ही दोघी हसलो. शिरा खाली लागला, तो लागला.

निघताना सेंथिलनाथनने संकोचत ताट उचललं. “हे आता परत नेतो. गैरसमजाबद्दल सॉरी.”

मी ताटाची दुसरी कड धरली. “ठेवा. आम्हाला पसंत आहे.”

“आई!” जाई किंचाळली. कदिरवन दाराबाहेर गेलासुद्धा होता.

“तू गप्प बस. तुझं कोण बोलतंय? मी माझं सांगतेय.” हिरवी साडी उचलून मी अंगाला लावून बघितली. काठ छान होता. वलरमती ओठ दाबून हसत उभी होती.

“आणि म्हैसूर?” दार लागल्यावर ह्यांनी विचारलं.

“दसऱ्याला जाऊ. दर वर्षी. झाडाखाली बसा हवं तितकं.”

ह्यांनी विचार करायला हवा तितका वेळ घेतला, केळं सोललं आणि मान हलवली. हे एकमत मात्र टिकेल असं मला वाटतं. केळं खाऊन ते डुलकी काढायला आत गेले.

जाई सोफ्यावर तशीच बसली होती, अर्धा गजरा केसांत, अर्धा मांडीवर.

“रागावलीस?” तिने विचारलं.

“रागावलेय. वाईटही वाटलंय. खूप.” मी तिच्याशेजारी बसले. “पण एप्रिलपर्यंतच वेळ आहे, म्हणून सरक जरा. आणि त्या ॲमस्टरडॅमचं सांग. घर कसं आहे? पाणी कसं आहे?”