भाव उंचीवर

पुंडलिकरावांनी पुस्तक उघडले तसे खुणेसाठी घातलेले पत्र घसरून मांडीवर पडले. साईराजचे पत्र. माघात आले होते, आता आषाढ सरत आला, आणि उत्तर अजून गेले नव्हते. त्यांनी पेनाचे टोपण काढले, कोऱ्या कागदावर तारीख घातली, ‘चि. साईराज यास’ एवढे लिहिले आणि थांबले. समोरच्या गणपतीच्या कारखान्यात कोणीतरी रंगाचा कॉम्प्रेसर सुरू केला. तो आवाज थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. थांबल्यावर पेनाला टोपण लावून टाकले.

साईराज रोह्याचा. शाळेत असताना पेणला मामाकडे राहायचा आणि संध्याकाळी वाचनालयात येऊन बसायचा. पुंडलिकराव तेव्हा तिथे ग्रंथपाल होते. तो परत रोह्याला निघाला त्या दिवशी, काय बोलावे ते न सुचून ते म्हणाले होते, “मला फोनवर बोलता येत नाही रे. काही असलं तर लिहीत जा.” मुलाने ते खरे मानले. आता तो धाटावला एका कंपनीत शिफ्टला जात होता, तरी वर्षाकाठी त्याचे एखादे पत्र येई. खुशाली, पाऊसपाणी, नवे काय वाचले ते. या वेळचे पत्र निराळे होते.

‘सर, मी गाडी घेतली. जुनीच आहे, पण चांगली आहे. विम्याचं विचारायला गेलो तर एजंट म्हणाला, बहिणीच्या नावावर कर, बायकांना आमच्या कंपनीत सवलत आहे. अपेक्षाला अजून गाडी रिव्हर्स घेता येत नाही. ती स्वतःच हसते. मी पाच वर्षं मामाची व्हॅन चालवली, कुठे एक ओरखडा नाही. एजंटला तसं बोललो तर म्हणतो, तुझ्यावर काय नाय रे, पुरुष गाड्या जास्त ठोकतात, सगळ्यांना धरून हिशेब आहे. सर, मग मी कुणाच्या चुकीचं भरतो? तुम्ही एवढं वाचलंय. हे बरोबर आहे का, एवढंच सांगा.’

पुंडलिकरावांना नेमके तेवढेच सांगता येत नव्हते. एखाद्या दिवशी वाटे, मुलाचे खरे आहे, दुसऱ्याचा अपघात याच्या माथी का? दुसऱ्या दिवशी वाटे, कंपनीने तरी काय करावे, प्रत्येकाच्या शेजारी बसून त्याचे चालवणे कोण बघणार? कुठल्याशा देशांत असा भेद कायद्याने बंद केला, तर तिथल्या बायकांचे हप्ते वाढले, असेही त्यांनी कधीतरी वाचले होते. मग अन्याय आधी होता की नंतर झाला? आणि ज्याने आयुष्यात स्टीअरिंगला हात लावला नाही त्याने यावर बोलावे का? एकदा त्यांनी ‘मला वाटते’ असे लिहिले. मग ‘मला’ खोडले. मग ‘वाटते’ही खोडले.

ते पत्र या पुस्तकात खूण म्हणून गेले ते किमयामुळे. किमया सरूची मुलगी, सातवीतली. सरू समोरच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. शाळा सुटल्यापासून आईचे काम संपेपर्यंत ही पोर गल्लीत भटकायची. एकदा खिडकीला नाक लावून तिने विचारले होते, “काका, ही सगळी पुस्तकं विकायची हायत काय?” त्यानंतर ती रोजच येऊ लागली. खिडकीशी एक स्टूल होते, त्यावर पाय वर घेऊन बसायची आणि वाचायची. खुणेला कागद हवा म्हणून तिने टेबलावरचे पत्र उचलले, आणि न विचारता वाचलेही.

“काका, ह्याला उत्तर दिलं?”

“अजून नाही.”

“का?”

“सुचत नाही.”

“आमच्या बाई म्हणतात, येत नसलं तरी पेपर कोरा ठेवायचा नाय. काहीतरी लिहायचं. अर्धा मार्क तरी मिळतो.”

तेव्हापासून चप्पल काढायच्या आधीच दारातून तिचा प्रश्न यायचा, “दिलं?”

“नाही.”

“आळशी.”

पुंडलिकरावांना आजवर कोणी आळशी म्हटले नव्हते. चिडवण्याइतके जवळ कोणी आलेच नव्हते. त्यांनी कपाटाचा खालचा खण पुसून तिच्या हाताला येतील अशी पुस्तके तिथे लावली.

मग एके दिवशी संध्याकाळी सरू दारात येऊन उभी राहिली.

“काका, जरा बोलायचं होतं.”

“या ना, आत या.”

“नको, हात रंगाचे हायत.” तिने हात पाठीमागे घेतले. ते कोरडे होते. “शाळेत मीटिंग झाली पालकांची. बाईंनी सांगितलं, पोरींना एकट्या पुरुषाच्या घरी पाठवू नका. ओळखीचा असला तरी नाय. तुमच्यावर काय नाय वो काका. सगळ्यांना धरून नियम हाय.”

“बरोबर आहे.”

“तुम्ही कसे हाव ते मला ठाव हाय. पण माणूस वाईट हाय ते काय कपाळावर लिहिलेलं नसतं.” तिने पायाने उंबऱ्यावरची धूळ बाजूला सारली. “चांगला हाय, तेपण नसतं.”

“बरोबर आहे,” ते पुन्हा म्हणाले, आणि दोनदा तेच बोललो हे लक्षात येऊन ओशाळले. “तुम्ही राग नका धरू.”

“मी कशाला धरू? राग तर तुम्ही धरायचा.”

ती गेल्यावर ते बराच वेळ दारातच उभे राहिले. तिने योग्यच केले होते. आपल्याला मुलगी असती तर आपणही हेच केले असते. हे त्यांनी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिले, आणि दर वेळी ते खरेच निघाले. खिडकीशी असलेले स्टूल त्यांनी उचलून आत नेले. थोड्या वेळाने परत आणून ठेवले. मग पत्र काढून एजंटचे वाक्य तेवढे वाचले, आणि घडी घालून टाकले.

त्यानंतर शाळा सुटायच्या वेळेला त्यांना घरात काय करावे ते कळेनासे झाले. आधी ते दार अर्धे उघडे ठेवीत. मग वाटले, उघडे दार बोलावल्यासारखे दिसेल. ते लोटून घेऊ लागले. लोटलेल्या दारामागे कॉम्प्रेसरचा आवाज कमी येत असे, आणि गल्लीतून जाणाऱ्या चपलांचा जास्त.

आज पत्र पुन्हा पुस्तकात ठेवताना त्यांची नजर टेबलावरच्या कंपासपेटीकडे गेली. किमयाची. ती स्टुलाच्या मागे भिंतीशी पडलेली सापडली होती, आणि गणिताच्या तासाला तिची अडचण होत असणार. ती परत कशी द्यायची याचा ते केव्हापासून विचार करीत होते. गल्लीत मुलीच्या हातात देणे बरे दिसले नसते. एकदा त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, पण गुंडाळलेली वस्तू भेटीसारखी दिसते म्हणून कागद काढला. शेवटी ती सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून ते गल्ली ओलांडून कारखान्यात गेले.

गणपती महिन्यावर आले होते. फळ्यांवर एकाच साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीने मांडल्या होत्या. अंग रंगवून झालेले, पितांबर पिवळे झालेले. पुढच्या ओळीला डोळे आले होते, मागच्या सगळ्या अजून कोऱ्या होत्या. सरू पाटावर बसून बारीक ब्रशने एकाची भुवई ओढत होती. कारखान्याचे मालक बाबाजी पनवेलहून आलेल्या एका जोडप्याशी बोलत होते.

“ही आणि ती एकाच साच्यातली ना?” नवरा म्हणत होता. “मग हिचं कमी करा. हिचे डोळे झोपाळू वाटतात.”

“आत्ताच उठलाय साहेब,” बाबाजी म्हणाले. “पनवेल येईपर्यंत चांगला जागा होईल.”

“तरी पण, कमी करा काहीतरी.”

“भाव उंचीवर हाय दादा, डोळ्यांवर नाय,” सरू मान वर न करता म्हणाली. “डोळ्यांवर भाव लावाय बसलो तर इथंच दिवाळी उजाडंल.”

रंग कालवणारी बाई तोंडाला पदर लावून हसली. नवराही हसला. त्याची बायको मात्र बोलण्यात नव्हती. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक मूर्तीपुढे वाकून चेहरा बघत चालली होती. शेवटून तिसरीपाशी ती थांबली आणि पाटाला हात लावला.

“ही.”

“अगं, सगळ्या सारख्याच आहेत.”

“नाहीत,” ती म्हणाली.

पुंडलिकराव दाराशी खोळंबले होते. सरूचे लक्ष गेले तशी ती फडक्याला हात पुसत उठली.

“काका! तुम्ही इथं?”

“किमयाची राहिली होती.” त्यांनी पेटी पुढे केली.

“अगो बाई! हिच्यापायी किती बोलणी खाल्ली तिनं माझी.”

मागे पेंढ्याच्या भाऱ्यांजवळ गोणपाटावर किमया वही घेऊन बसली होती. तिने वर पाहिले. आईकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. बोटांत पेन धरल्यासारखे करून तिने हवेत चार ओळी ओढल्या आणि हनुवटी उडवली.

पुंडलिकरावांनी नकारार्थी मान हलवली.

तिने कपाळावर हात मारून घेतला.

सरूने ते पाहिले. तिने कंपासपेटी उघडली, आत उगाच बघितले, परत मिटली. “तिचं एक पुस्तक अर्धं राहिलंय म्हणते,” ती हळू आवाजात म्हणाली. “असलं तर द्या. मीच नेईन, मीच आणून देईन.”

“हो. आत्ता देतो.” आणखी काहीतरी बोलायला हवे असे त्यांना वाटले. “तुम्ही डोळे फार चांगले काढता.”

“आत्ता सांगताय होय? इतकी वर्षं समोर राहून?” सरू हसली, आणि हसतानाच तिने नजर दुसरीकडे वळवली.

घरी येऊन त्यांनी पुस्तकातून पत्र काढून घेतले. खुणेला पाकिटातले एसटीचे जुने तिकीट घातले, पुस्तक कारखान्यात नेऊन सरूच्या हातात दिले आणि परत येऊन टेबलाशी बसले. तारीख घातलेला कागद तसाच होता.

‘चि. साईराज यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला फार उशिरा उत्तर देतो आहे. उत्तर येत नव्हते म्हणून कागद कोरा ठेवला होता. तसे करू नये असे मला एका विद्यार्थिनीने सांगितले.

तू विचारलेस ते बरोबर आहे की नाही, मला अजून नीट कळलेले नाही. कंपनीचा हिशेब खोटा नसावा. अलीकडे माझ्याही बाबतीत सगळ्यांना धरून एक हिशेब झाला. ज्यांनी केला त्यांनी योग्य केला, आणि मी तसे त्यांना सांगितलेही. तरी मला वाईट वाटले, आणि ते अजून वाटते आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, एवढे मी खात्रीने लिहू शकतो. त्यामुळे तुला वाईट वाटले यात तुझे काही चुकले असे समजू नकोस.

गाडी तुझ्याच नावावर ठेव. चालवणार तू आहेस.

आमच्या समोरच्या कारखान्यात मूर्तीचा भाव उंचीवर ठरतो, पण माणसे डोळे बघून घरी नेतात. विमा कंपनीला डोळे बघायला सवड नसणार. मला आहे. कधी सुट्टी असली तर गाडी घेऊन पेणला ये आणि मला रोह्याला ने. कुंडलिकेचा काठ मी किती वर्षांत पाहिलेला नाही. मी पुढच्या सीटवर बसेन.

तुझा,
पुंडलिक’

‘मला वाईट वाटले’ हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले. पेनाचे टोक ‘मला’वर जाऊन टेकले. मग त्यांनी टोपण लावले, पाकीट घाईघाईने चिकटवले, आणि आणखी काही सुचायच्या आत चपला घातल्या.

बाजाराच्या तोंडाशी टपालपेटी होती. वाटेत दोनदा त्यांचे पाऊल अडले. तो पोरगा रात्रपाळ्या करतो, त्याला म्हाताऱ्याला फिरवायला सवड कुठली? ‘मला आहे’ हे जरा आगाऊपणाचे झाले काय? पण पाकीट डिंकाने पक्के बसले होते.

बाजारातली शिकवणी नुकतीच सुटली होती. मुलामुलींचा लोंढा दप्तरे आपटत त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला. तो सरेपर्यंत ते पेटीला टेकून उभे राहिले. मग पत्र फटीत सरकवले. आत काही नसावे. ते तळाला जाऊन पडल्याचा आवाज स्पष्ट आला. तरी त्यांनी फटीत बोटे घालून, कुठे अडकले नाही ना, ते पाहिले.

मग वळून त्यांनी आपल्या गल्लीच्या दिशेने पाहिले. तिकडून कोणी येत नव्हते.

“दिलं,” ते म्हणाले.