तोंडातल्या टाचण्या

मी शिंपी. मला सगळे तिरसट म्हणतात. का, ते देव जाणे! शब्दकोशात पाहिलं, तर ‘लवकर चिडणारा’ एवढंच. लवकर म्हणजे किती लवकर? गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं आणि मग बटण लागत नाही म्हणून माझ्याच नावाने बोंबलतं. तेव्हा चिडलो, तर ते लवकर की उशिरा?

शेवटी बायकोला विचारलं, "हा शब्द मला चिकटला कुठून?"

ती काजं करता करता म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडात सदानकदा टाचण्या. कुणी काही विचारलं की दात न उघडता नुसतं ‘हूं’ करता. समोरच्याला वाटतं, आता हे अंगावर येणार."

हात्तिच्या! म्हणजे दोष टाचण्यांचा. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी टाचण्या खोचायला मनगटावर छोटी गादी बांधली आणि प्रत्येकाशी अगदी मोकळ्या तोंडाने बोललो. शेजारच्या घड्याळजीला त्याची पँट दरवेळी का उसवते ते समजावलं. मेहुण्याला चारचौघांत त्याच्या पोटाचं खरं माप ऐकवलं.

संध्याकाळी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मला काही उमगेना. बायकोने माझ्या मनगटावरची गादी सोडली आणि सगळ्या टाचण्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"घ्या, धरा तोंडात," ती म्हणाली. "तिरसट होतात तेच बरं होतं."