दिव्याचा पुढचा पाय

रविवारी नागपूरला स्लॅलम स्केटबोर्डची निवडचाचणी होती आणि दिव्या डावीकडच्या वळणावर रोज तोच ग्लास पाडत होती.

स्लॅलम म्हणजे ओळीने मांडलेल्या शंकूंमधून बोर्डवर नागमोडी उतरायचं. पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे वेळ वाढवून धरतात. आम्ही शंकूंच्या जागी लग्नातून उरलेले प्लास्टिकचे ग्लास उपडे मांडायचो, बिरसीजवळ कालव्यावरच्या नव्या पुलाच्या उतारावर. जोडरस्ता अर्धवट होता, त्यामुळे रहदारी नव्हती. वर शिकाऊ विमानं घिरट्या घालत.

दिव्या माझी चुलत बहीण, बारावीतली. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलंय, पण बोर्डवर धड उभी राहू शकत नाही. व्हिडिओ काढणं आणि शंका घेणं, एवढंच माझं काम.

शंका अशी होती की ती उजवा पाय पुढे ठेवते, तो खरंच तिचा पुढचा पाय आहे का? हे ओळखायला मागून हलकेच ढकलतात. तोल सावरताना जो पाय आपोआप पुढे पडतो, तो बहुधा पुढचा. मी ढकलून पाहिलं. दर वेळी उजवाच.

"दीदी, आता का कालव्यात ढकलतेस? उजवाच हाये माहा."

गुरुवारी फुलवंताकाकींच्या, म्हणजे दिव्याच्या आईच्या, शेतात उन्हाळी धानाची रोवणी होती. डोक्यावर पऱ्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, भारा घेऊन दिव्या धुऱ्याच्या ओल्या बांधावरून येत होती. घसरली, पण पडली नाही. भाराही हलला नाही.

"बोर्ड घरी विसरली का व?" बांधीतून, धानाच्या खाचरातून, कुणीतरी ओरडलं. बायका हसल्या.

मी धुऱ्यावरच्या चिखलातले ठसे बघितले. पुढची लांब घसरण डाव्या पायाची. उजवा मागे, आडवा, खोल रुतलेला.

"मग मी ढकलल्यावर उजवा कसा पडतो?" मी विचारलं.

"तू ढकलणार हे ठाव राहते ना."

फुलवंताकाकी वाकूनच बोलल्या, "नवीन काम उजव्या पायानं करावं. पहिल्या दिवशी मीच सांगितलं तिले. बांधीत बी तशीच उतरते."

म्हणजे माझ्या प्रयोगात मोजला गेला तो घरचा संस्कार.

संध्याकाळी दिव्याने डावा पुढे ठेवला, दोन्ही पायांचे अंगठे उताराकडे वळवले. तो ग्लास वाचला. त्याच्या खालचे सगळे गेले आणि तीही.

कोपर झाडत ती म्हणाली, "रविवारी बी असंच झालं तं?"

"तोवर किती जमेल, सांगता येत नाही."

"अन् उजव्यानं?"

"ते सांगता येतं. तोच ग्लास पडेल."

तिने खाली लोळणारे ग्लास गोळा केले. मग बोर्ड उचलून वर चढली. "डावाच."

शनिवारी काकी चहा घेऊन पुलावर आल्या. "काऊन व, डावा पाय?"

दिव्याने बोर्ड समोर ठेवला. उजव्या पायाचा अंगठा बोर्डला टेकवला, खाली घेतला. मग डावा पुढे ठेवून उजव्याने रेटा दिला.

"झालं उजवं. जा आता," काकी म्हणाल्या.

डावीकडच्या वळणावरचा ग्लास डुलला आणि उभा राहिला. शेवटचा पडला.

"पडला ना!"

"तो दुसरा आहे, काकी," मी म्हटलं आणि तो उभा करायला उतार उतरू लागले.