डबी आधी बापाच्या गालाला

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीची गोष्ट. माझ्या नणंदेला, कोकिळाला, दोन स्थळांनी नकार दिला होता, तोही फक्त रंगावरून. तिसरं स्थळ मानवतकडचं. रविवारी पाहुणे येणार म्हटल्यावर सासूबाईंनी बाजारातून गोरं व्हायच्या मलमाची डबी आणली. डबीवर ना नाव, ना गाव. विकणारा म्हणाला होता, चार दिवसांत पोरगी ओळखू येणार नाही. मी म्हटलं, ओळखूच आली नाही तर लग्न कुणाचं लावायचं? त्यावर सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

कोकिळा मात्र डबी घट्ट धरून बसली. "वैनी, आता न्हाई म्हणले तर मी कुणाम्होरं बसायची न्हाई बघा." तिचे डोळे भरून आले होते. माझा जीव तुटला.

सासरे लिंबाजी खाटेवर बसून ऐकत होते. बैल घेताना ते आठ दिवस औताला जुंपून बघायचे, मगच सौदा पक्का करायचे. त्यांनी डबी काढून घेतली.

"बैल जुपल्याबिगर घेतो का आपण? आधी मी लावतो."

"मामा, हाताला लावा जरासं," मी म्हटलं.

"हात उन्हानं करपलेत. त्याच्यावर काय कळतंय?"

असं म्हणून उजव्या गालावर जाड थर दिला. डावा तसाच ठेवला, फरक बघायला.

तिसऱ्या दिवशी उजवा गाल सुजून लालबुंद, वर सालपटं निघालेली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी डबी फेकूनच दिली. "असल्या मलमात पारा घालतात. नाव नसलेलं काही तोंडाला लावू नका. आणि नवीन काही लावायचंच तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा." सासरे म्हणाले, "आमची सून हेच सांगायली होती." एवढं कौतुक त्यांनी माझं पुन्हा कधी केलं नाही.

रविवारी कोकिळा मसुरीच्या पिठानं तोंड धुऊन, होती त्याच रंगाची पाटावर बसली. मुलाचे वडील व्यंकटराव मुलीऐवजी सासऱ्यांचा गालच बघत होते.

"हे काय झालं हो?"

सासूबाई गांधीलमाशीचं नाव घेणार, तोच सासऱ्यांनी खरं सांगून टाकलं. मला वाटलं, हेही स्थळ गेलं.

तेवढ्यात कोकिळानं मान वर केली आणि मुलालाच, बन्सीधरला, विचारलं, "तुमच्या घरी मला गोरं व्हावं लागंल का?"

बन्सीधरनं बापाकडं बघितलं. बापानं छपराकडं बघितलं.

"आमच्यात समदे कापूस वेचायला जातेत," तो चाचरत म्हणाला. "उन्हात गोरं माणूस कसं टिकंल? माझंच बघा की."

तेव्हा कुठं कोकिळानं त्याला नीट बघितलं. तो तिच्याहून चांगलाच काळा होता. ती खुदकन हसली आणि कुणी विचारायच्या आतच म्हणाली, "मला पसंत हाय."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मी साखर आणायला आत पळाले.