चादरींचा करार

लाँड्रीत पाऊल न टाकता धाकट्या सुनेने घरच्या लाँड्रीचा हॉटेलशी करार लिहिला, हे सासूबाईंच्या फारच डोक्यात गेलं होतं. वकिलाच्या ऑफिसात करार लिहायला शिकू लागून जेमतेम चार महिने, आणि बाईसाहेबांनी चौदा पानं मोबाइलवर धाडून दिली! घरापासून इस्त्रीचं टेबल सतरा पावलांवर. पण नाही.

चौथीच्या पुढे सासूबाईंचं शाळेशी जमलं नव्हतं. त्यात शाळेचंच नुकसान झालं, असं त्यांचं मत.

"वाच मोठ्याने," धाकटीला लाँड्रीत बोलावून त्यांनी फर्मावलं.

धाकटी वाचत वाचत सहाव्या कलमावर आली. "माल ज्या स्थितीत ताब्यात घेतला, त्याच स्थितीत परत करणे बंधनकारक राहील."

"थांब. हॉटेलच्या चादरी आपल्याकडे येतात कशा?"

"मळक्या."

"आणि परत कशा द्यायच्या म्हणतेस?"

इस्त्रीवाल्या दोघी फिस्सकन हसल्या. धाकटीचे कान लाल झाले. ऑफिसातला जुना नमुना एका गोदामाचा होता. तिने नावं तेवढी बदलली होती.

"साबण वाचवलास गं माझा!" सासूबाई म्हणाल्या. "परवा हॉटेलचा मॅनेजर येतोय. तोवर इथे बसून काम बघ. नाहीतर तुझ्या साहेबांकडे दुसरं माणूस मागते. घरची म्हणून मी सही ठोकणार नाही."

पहिलाच करार हातचा गेला, तर ऑफिसात पुन्हा झेरॉक्स काढत बसायचं, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस ती गठ्ठे सोडत, चादरी झटकत, शिंकत बसली. सासूबाई चहा पाठवायच्या, कौतुक नाही.

मॅनेजर आला तो थेट मुद्द्यावर. "तुमच्याकडे चादर फाटली की नवी तुम्ही द्यायची. प्रत्येक."

सासूबाईंच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं होतं, पण त्यांनी जीभ दाताखाली धरली. धाकटी उठली. सकाळीच आलेल्या गठ्ठ्यातली एक चादर तिने खिडकीत ताणून धरली.

"साहेब, पलीकडची सायकल दिसते?"

"दिसते की."

"चादरीतून दिसतेय. आणि ही अजून पाण्यात गेलेली नाही."

मॅनेजरने चादरीचा कोपरा बोटांत चोळून पाहिला.

"गठ्ठा घेताना तुमचं-आमचं माणूस मिळून बघेल," धाकटी म्हणाली. "विरलेल्या चादरीच्या कोपऱ्याला लाल दोरा. दोऱ्याची फाटली तर तुमची, बिनदोऱ्याची फाटली तर आमची."

"रोज माणूस कुठून आणू मी?"

"मग आमचंच माणूस एकटं ठरवील. तसं लिहू?"

"नको, नको! पाठवतो."

कलम तिथल्या तिथे लिहिलं गेलं. सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, मगच सही केली. मॅनेजरची गाडी वळल्यावर त्या धाकटीकडे वळल्या.

"सूनबाई, पदवी तुझ्याकडे होतीच, वकील तू आज झालीस. पुढचे कागदही तूच लिहायचे. आणि फी सोडायची नाही कुणाला, सासूलासुद्धा!"