म्हणजेबाई

विश्वनाथ सरांनी लाल पेनाने एकविसाव्या कागदावर पाचपैकी पाच लिहिले आणि बाविसावा कागद उलटून पाहिला. दोन्हीकडे कोरा. वर फक्त नाव होते : दीप्ती, आठवी ब.

सरांनी शिष्यवृत्ती वर्गाच्या यादीतल्या तिच्या नावावर रेघ ओढली.

निवृत्त झाल्यावरही ते हुडकेश्वरच्या या शाळेत हा वर्ग घेत. आजचा उतारा मात्र नूपुर मॅडमनी काढला होता. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. आता इथेच मराठी शिकवत.

"म्हणजेबाई, उभी राह."

वर्ग हसला. दीप्ती दर वाक्याला 'म्हणजे?' विचारते, म्हणून हे नाव सरांनीच ठेवले होते.

"प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या मागचं-पुढचं उतरवायचं. किती वेळा सांगितलं?"

"लय वेळा, सर."

"मग काहून नाही लिहिलं?"

दीप्ती बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मले समजलंच नाही. तीनदा वाचला."

"सर, हिले तर फळ्यावरची तारीखपण नाही समजत!" पुढच्या बाकावरून प्रशिक ओरडला. सरही हसले.

नूपुर मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "प्रशिक, उतारा वाच बरं. मोठ्यानं."

प्रशिकने खणखणीत वाचले, "टिंबक्याने सकाळी दोन झुरवे कुटवले. एक झुरवा फरट निघाला. तो घेऊन टिंबक्या लिंबरीकडे रुमला."

"टिंबक्याने काय केलं?"

"दोन झुरवे कुटवले."

"झुरवा म्हणजे काय गा?"

प्रशिकने कागदात शोधले. शेजारच्या कागदात शोधले. "ते लिहूनच नाही ना, मॅडम."

"शेतात राहत असन," कोणीतरी म्हणाले.

"कुठंच नाही राहत. टिंबक्या, झुरवा, लिंबरी, सगळे शब्द मीच बनवले. त्यांना काही अर्थ नाही."

सरांनी कागदांचा गठ्ठा जवळ ओढला आणि त्यावर तळहात पालथा ठेवला. एकवीस कागदांवर त्यांच्याच बरोबरच्या खुणा होत्या.

नूपुर मॅडम टेबलाजवळ आल्या. वर्गाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सर, मला पोरांना दाखवायचं होतं, अर्थ न कळताही मार्क मिळतात. वाटलं, तपासताना तुमच्या लक्षात येईल."

सरांनी गठ्ठ्यातला वरचा कागद उलटा केला.

"मीपण अशीच पास होत आली, सर," त्या म्हणाल्या.

सरांनी पेनाला टोपण लावले. पुन्हा काढले. यादीच्या तळाशी दीप्तीचे नाव सावकाश लिहिले. मान वर केली, तर ती अजून उभीच होती. तिला बस म्हणायचे राहून गेले होते.

सर खुर्चीवरून उठले, शेवटच्या बाकापाशी गेले. "बस, दीप्ती. थोडी सरक."

ती घाईने कोपऱ्यात सरकली. सर तिच्या शेजारी बसले. बाक बुटका, गुडघे वर आले.

"मॅडम, आता खरा उतारा घ्या."

नूपुर मॅडमनी पुस्तक उघडले. "रामटेकची टेकडी चढताना म्हातारीने नव्या चपला काढून पिशवीत ठेवल्या." त्या थांबल्या. "कोणाला काही विचारायचं आहे?"

दीप्तीचा हात बाकावरून जरासा उचलला गेला. प्रशिकने मागे वळून पाहिले. तिने हात मांडीवर घेतला.

मग शेवटच्या बाकावर सरांनी हात वर केला.

"म्हणजे?"